शाळेच्या फाटकाबाहेर

९ जून २०२४ च्या रविवारी सकाळी मी स्टुटगार्टमधल्या आमच्या वस्तीतील प्राथमिक शाळेच्या फाटकाबाहेर एका कुत्र्याचा पट्टा धरून उभी होते. कुत्रा खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींचा. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, पण मतदान त्या कधी चुकवत नाहीत. शाळेच्या इमारतीत कुत्र्यांना मज्जाव असल्यामुळे दर निवडणुकीला त्या मला सोबत नेतात. हा त्यांचा तिसरा कुत्रा. आधीच्या दोघांचे पट्टेही याच फाटकाबाहेर मीच धरले होते. रात्रभर पडलेला पाऊस नुकताच उघडला होता, लिंडनची झाडे फुलली होती आणि त्यांचा मधासारखा वास ओल्या डांबराच्या वासात मिसळून गेला होता. या खेपेला आजींच्या हाताला धरून माझी सोळा वर्षांची लेकही आत गेली होती, कारण युरोपीय संसदेसाठी जर्मनीत आता सोळाव्या वर्षापासून मत देता येते आणि त्याच दिवशी आमच्या शहराच्या नगरपरिषदेचीही निवडणूक होती. दोघी पायऱ्या चढून दिसेनाशा झाल्या. कोपऱ्यावरच्या बेकरीत नेहमी भेटणारे एक गृहस्थ तेवढ्यात बाहेर आले, कुत्र्याच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला आणि अगदी सहज विचारले, "तुमचे झाले का मतदान?"

मी "हो" म्हटले.

खोटे बोलण्याचे काहीही कारण नव्हते. मला इथे मताचा अधिकार नाही, हे एका वाक्यात सांगता आले असते आणि त्या गृहस्थांनी मान हलवून निरोप घेतला असता. पण तेवीस वर्षे ज्या रस्त्यावर राहिले, त्या रस्त्यावरच्या माणसाला ते वाक्य सांगताना आपण पाहुणे आहोत हे स्वतःलाही ऐकावे लागले असते, आणि त्या सकाळी ते ऐकण्याची माझी तयारी नव्हती. घरी परतताना लेक उत्साहाने बोलत होती, आजी तिला मधूनच दुरुस्त करत होत्या, आणि माझ्या तळहाताला त्या पट्ट्याच्या चामड्याचा ओलसर वास येत होता. तो वास हात धुतल्यावर गेला. "हो" मात्र दिवसभर माझ्या मागे होते.

त्याआधीचा आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर मतपत्रिका पसरलेल्या होत्या. नगरपरिषदेच्या मतपत्रिका इथे आधीच घरी येतात, कारण त्या भरणे हे पाच मिनिटांचे काम नाही. स्टुटगार्टच्या परिषदेत साठ जागा आहेत आणि प्रत्येक मतदाराला साठ मते असतात; ती वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांत वाटता येतात आणि एखाद्या आवडत्या उमेदवाराला तीनपर्यंत देता येतात. लेकीने तो वर्तमानपत्राएवढा कागद आमटीच्या भांड्याशेजारी उलगडला आणि ती मला एकेक नाव विचारत गेली. या बाईंनी वाचनालयाची शाखा बंद होऊ नये म्हणून सह्या गोळा केल्या होत्या, हे मला माहीत होते. अमुक डॉक्टर कोण, तमुक शिक्षक कोण, ट्रामच्या थांब्यावरचा उतार चाकाच्या खुर्चीसाठी कुणाच्या पाठपुराव्यामुळे झाला, हेही मला माहीत होते. तिला त्यातले फारच थोडे ठाऊक होते. मी सांगत गेले, ती पेन्सिलीने आकडे मांडत गेली, आणि मते साठाच्या वर जाऊ नयेत म्हणून आम्ही दोघींनी दोनदा बेरीज केली. माझ्या तेवीस वर्षांच्या माहितीला त्या कागदावर उतरण्यासाठी तिच्या हातातूनच वाट होती.

लेक जन्माने जर्मन आहे. तिच्या जन्मापूर्वी आठ वर्षांहून अधिक काळ तिचे बाबा इथे कायदेशीरपणे राहत होते, म्हणून तिला ते नागरिकत्व आपोआप मिळाले. तिच्या बाबांनी काही वर्षांनी स्वतःही ते घेतले. कामानिमित्त त्यांना सतत प्रवास करावा लागे, प्रत्येक व्हिसासाठी रांग लावावी लागे; त्यांना निर्णय घ्यायला एक शनिवार-रविवार पुरला. मी राहिले. मला कायम वास्तव्याचा परवाना होता, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतील नोकरी होती, माझे काही अडत नव्हते. कुणी विचारले तर मी म्हणे, "बघू सावकाश." त्या "सावकाश"च्या मागे अण्णा होते.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आणि शिक्षकाच्या घरात निवडणूक म्हणजे ड्यूटी. वाईहून निघायचे, तालुक्याच्या ठिकाणी साहित्य ताब्यात घ्यायचे आणि नेमून दिलेल्या गावी मुक्कामाला जायचे. एका वर्षी अण्णांना कोयनेच्या फुगवट्यापलीकडचे गाव मिळाले होते. तापोळ्याहून लाँचमध्ये बसून लोखंडी मतपेट्या मांडीला टेकवून ते गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले, तेव्हा त्यांच्या शर्टाला लाखेचा, जळक्या मेणबत्तीचा आणि पाण्याच्या शेवाळाचा वास येत होता. बोटांच्या पेरांवर जांभळट-काळी शाई होती. ती शाई म्हैसूरच्या एकाच सरकारी कारखान्यात तयार होते, असे त्यांनी मला सांगितले होते, आणि ते मला त्या वयात फार अद्भुत वाटले होते. त्या गावची एक म्हातारी दोन तास डोंगर उतरून आली, फुलीचा शिक्का कागदावर कसा उमटवायचा हे तिने तीनदा विचारून घेतले आणि पुन्हा डोंगर चढून गेली, ही गोष्ट ते अनेकदा सांगत. तिला एवढा खटाटोप करायची काय गरज होती, असे मी एकदा विचारले. अण्णा म्हणाले, "निकाल लागल्यावर तिलाच त्याच्यासोबत पाच वर्षं राहायचं असतं ना."

७ मे २०२४ ला साताऱ्याचे मतदान झाले. संध्याकाळी आईने व्हिडिओ कॉल केला आणि काही न बोलता डाव्या हाताची तर्जनी कॅमेऱ्यासमोर धरली. प्रतिमा धूसर होती, बोट प्रमाणाबाहेर मोठे दिसत होते, नखाच्या मुळाशी शाईची रेघ होती. "उन्हाच्या आत जाऊन आले," ती म्हणाली. माझे नाव त्या यादीत नव्हते. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना २०१० च्या दुरुस्तीने मतदार म्हणून नाव नोंदवता येते, पण मत द्यायला स्वतः गावी जावे लागते. मे महिन्यात, लेकीच्या परीक्षांच्या दिवसांत, मी एवढा प्रवास कधी केला नाही आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तसा प्रयत्नही केला नाही. महिन्याभराच्या अंतराने दोन देशांत मतदान झाले. एका ठिकाणी अधिकार असून मी पोहोचले नाही, दुसऱ्या ठिकाणी फाटकापर्यंत पोहोचून अधिकार नव्हता.

आमच्या प्रयोगशाळेत गोव्यातील सासष्टीची एक सहकारी आहे. तिचे आजोबा पोर्तुगीज अमलात जन्मले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवून घेता येते. त्यानुसार तिच्या घरच्यांनी लिस्बनला आधी आजोबांचा, मग वडिलांचा, मग तिचा जन्म नोंदवला. ती स्टुटगार्टला येऊन जेमतेम चार वर्षे झाली आहेत. त्या ९ जूनला युरोपीय संघाची नागरिक म्हणून तिने आमच्या नगरपरिषदेसाठी मत दिले. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने ते सांगितले, तेव्हा मला तिचा हेवा वाटला. पण तिच्या आवाजात आनंद नव्हता. तिने लिस्बन अजून पाहिलेले नाही. भारताचा पासपोर्ट तिला सोडावा लागला, मडगावकडच्या आपल्या घरी ती आता परदेशस्थ भारतीय नागरिकाच्या कार्डावर जाते, आणि गावातल्या चर्चच्या फेस्ताला कुणी "तू आता पोर्तुगीज" म्हणून चिडवले की तिच्या डोळ्यांत पाणी येते. आजोबांच्या जन्मतारखेवरून तिला एक देश मिळाला आणि दुसरा गेला. यात तिने स्वतः निवडलेले नेमके किती, हे तिलाही सांगता येत नव्हते.

२७ जून २०२४ ला जर्मनीचा नवा नागरिकत्व कायदा लागू झाला. वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाचवर आली, आणि मूळ नागरिकत्व सोडण्याची सक्ती संपली. मी त्या उन्हाळ्यात अर्ज केला. त्याला ९ जूनची सकाळ कारण होतीच, पण त्याआधीचा जानेवारीही होता. परक्या मुळाच्या लोकांना देशाबाहेर घालवण्याच्या योजनांवर काही मंडळींनी एका बैठकीत चर्चा केल्याची बातमी त्या महिन्यात आली आणि जर्मनीभर लाखो माणसे कडाक्याच्या थंडीत रस्त्यांवर उतरली. आमच्या खालच्या आजीही गेल्या होत्या, गुडघ्याला पट्टा बांधून. त्या माझ्यासाठी थंडीत उभ्या राहिल्या आणि मी मतपेटीपाशी त्यांच्या बाजूने उभी राहू शकत नव्हते. हा हिशेब मला सोसवेना.

कार्यालयातील तरुण अधिकारी बाई फार आपुलकीने बोलल्या. कागद चाळता चाळता त्या हसून म्हणाल्या, "आता तुम्हाला जुने काही सोडावे लागत नाही. दोन्ही ठेवा." बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक तुर्की बाई बसली होती. तिचे वडील साठच्या दशकात इथल्या कारखान्यात मजूर म्हणून आले. जर्मन व्हायचे तर तुर्की सोडावे लागेल म्हणून तिने चाळीस वर्षे अर्ज केला नव्हता आणि आता ती दोन्ही घेऊन घरी जाणार होती. तिने पर्समधून खजूर काढून मला दिला. मला मात्र त्या अधिकारी बाईंना समजावून सांगावे लागले की माझ्या बाबतीत सोडण्याचा प्रश्न तुमच्या टेबलावर नाही. भारताच्या १९५५ च्या कायद्यातील नववे कलम असे आहे की नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, की त्याचे भारतीय नागरिकत्व त्या क्षणी संपते. त्याला कुणी काढून घ्यावे लागत नाही. बाईंचे हसू मावळले. "मग तुम्हाला नक्की हवे आहे ना?" त्यांनी विचारले.

त्या प्रश्नाशी मी बरेच महिने झगडले. पहिल्यांदा राग आला. इतके देश आपल्या परदेशी गेलेल्या लेकरांना दोन्ही घरे ठेवू देतात, मग आमच्याच देशाने एवढे कठोर का असावे? मग मी ते कलम कुठून आले याचा शोध घेतला आणि राग तेवढा राहिला नाही. राज्यघटनेतील नागरिकत्वाची कलमे इतर बहुतेक कलमांसारखी २६ जानेवारी १९५० ची वाट पाहत थांबली नव्हती. ती २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली, कारण त्या वेळी माणसांचे तांडेच्या तांडे सरहद्द ओलांडत होते आणि कोण कुठला, हे रोज ठरत होते. ऑगस्ट १९४९ मधील चर्चेत डॉ. आंबेडकरांनी सांगितले की एखादा अपवाद सोडला तर मसुदा समितीला या कलमाएवढी डोकेदुखी दुसऱ्या कुठल्याच कलमाने दिली नाही. आपल्या विदर्भाचे पंजाबराव देशमुख तर तावातावाने म्हणाले की या मसुद्यामुळे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. घरेदारे टाकून आलेल्या लोकांपुढे बसून ज्यांनी हे लिहिले, त्यांना एका माणसाच्या दोन निष्ठांची भीती वाटली असेल तर मी त्यांना दोष देऊ शकत नाही. आज पंचाहत्तर वर्षांनंतर ती भीती तशीच जपायला हवी का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे माझे उत्तर नाही असे आहे. पण कायदा बदलेपर्यंत निवड मलाच करायची होती.

धाकट्या भावाने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो सातबाऱ्याचा. "ताई, तुझं नाव राहील ना?" अण्णा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा आई, भाऊ आणि मी, अशी तीन नावे लागली होती, हळदीचे दीड एकर. वारसाने आलेली शेती परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाकडे राहू शकते, नवी विकत घेता येत नाही, हे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सरकारी कॉलेजात शिकलीस. तुझ्या शिक्षणाला लोकांचा पैसा लागला." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, आणि ते खरे होते. माझ्या पदवीची फी अण्णांच्या पगारातून सहज निघाली, कारण उरलेला खर्च राज्याने केला. ते ऋण पासपोर्ट जपून फिटत होते का? तेवीस वर्षे मी तो जपला आणि त्याने गावातल्या कुणाचेही काही भले झाले नाही. गावच्या शाळेला आम्ही जे काही पाठवले, ते पाठवण्यासाठी पासपोर्टचा रंग लागला नाही आणि पुढेही लागणार नाही.

मला वाटू लागले की मी नागरिकत्व एखाद्या आठवणीसारखे सांभाळत होते. आईची नथ बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, तसे. अण्णांच्या दृष्टीने ते तसे नव्हते. त्यांच्यासाठी ते काम होते. पेट्या उचलणे, लाख वितळवणे, म्हातारीला शिक्का तीनदा समजावणे. ज्या गावच्या रस्त्यांवरून मी चालत नाही, जिथल्या दवाखान्यात मी रांगेत बसत नाही, तिथला निकाल मला भोगायचा नाही. इथला भोगायचा आहे. म्हणून माझे मत असे झाले आहे की ज्याला आयुष्य परक्या देशात काढायचे ठरलेलेच आहे, त्याने तिथले नागरिकत्व घ्यावे, त्यासाठी मूळचे सोडावे लागत असले तरी घ्यावे. जे तात्पुरते गेले आहेत, ज्यांना परतायचे आहे, त्यांना हे मी म्हणणार नाही. आणि सोडताना दुःख होते, ते होऊ द्यावे. "फक्त एक कागद आहे" असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. फक्त कागद असता, तर इतकी वर्षे मी थांबले नसते.

नागरिकत्वाची परीक्षा सोपी गेली. तेहेतीस प्रश्नांपैकी सतरा बरोबर यावे लागतात. २०२५ च्या फेब्रुवारीत संसदेची निवडणूक झाली तेव्हा अर्ज अजून वाटेत होता, म्हणून त्या थंड रविवारीही पट्टा माझ्याच हातात होता. शरद ऋतूत बोलावणे आले. जर्मन राज्यघटनेचा आणि कायद्यांचा मी आदर करीन आणि देशाला अपाय होईल असे काही करणार नाही, हे वाक्य उभे राहून मोठ्याने म्हणायचे असते. मी घरी ते पाठ केले होते, तरी मध्ये अडखळले. ती राज्यघटनाही १९४९ चीच, मे महिन्यातील. हातात प्रमाणपत्र आले, टाळ्या वाजल्या, यजमानांनी फोटो काढला. कलम नऊ कसे काम करते हे मला ठाऊक होते, त्यामुळे कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना मी अगदी हळू उतरले. वर जाताना मी भारतीय होते. जिना तोच होता, कठड्याचा गार लोखंडी स्पर्शही तोच.

आमच्या राज्यातील भारतीयांचे काम म्युनिकच्या वाणिज्य दूतावासाकडे आहे. पासपोर्ट जमा करण्याच्या दिवशी मी पहाटेच्या गाडीने निघाले. भारत सरकारच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले. तो आकडा मी वाचला होता, पण प्रतीक्षेच्या खोलीत बसल्यावर तो मला पहिल्यांदा दिसला. एक तरुण तेलुगू जोडपे, मांडीवर झोपलेले बाळ, एक पंजाबी काका, सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात तेच निळे पुस्तक. कुणी कुणाशी बोलत नव्हते. खिडकीमागच्या गृहस्थांनी शांतपणे माझे पुस्तक तपासले, रद्द केल्याचा शिक्का मारला, कात्रीने कोपरा कापला आणि ते मला परत दिले. कापलेला निळा त्रिकोण टेबलावर पडला. तो मागावा असे वाटले, पण मी मागितला नाही.

परतीच्या गाडीत मी दोन्ही पासपोर्ट मांडीवर ठेवून पाहिले. जर्मन पासपोर्टात माझी उंची लिहिलेली आहे, डोळ्यांचा रंग लिहिलेला आहे, राहण्याचे गाव लिहिलेले आहे. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे नाव, आईचे नाव, नवऱ्याचे नाव. माझा अगदी पहिला पासपोर्ट कारकुनाच्या हस्ताक्षरात होता आणि त्यात अण्णांच्या नावातील एक अक्षर चुकले होते. ते दुरुस्त करून घ्यायला अण्णा स्वतः पुण्याला गेले होते. एका पुस्तकाला मी कशी दिसते आणि कुठे राहते एवढे हवे आहे, दुसऱ्याला मी कुणाची हे माहीत होते. बाहेर उल्मच्या चर्चचा उंच मनोरा मागे गेला. मी रडले, आणि समोर बसलेल्या मुलीने न बोलता रुमालांचे पाकीट पुढे केले. परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड आता मिळेल. त्याच्या नावात नागरिक हा शब्द आहे. मताचा अधिकार त्यात नाही. आईला भेटायला जाताना व्हिसा लागणार नाही, एवढ्यासाठी मी त्याची कृतज्ञ असेन.

आईला सांगायला मी दोन दिवस घेतले. ती ऐकत राहिली. मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मला वाटले ती अण्णांचे नाव काढेल. तिने विचारले, "म्हणजे आता तिथं मत द्यायचं का तू?" मी म्हटले, "हो, मार्चमध्ये राज्याची निवडणूक आहे." "मग सकाळी लवकर जा," ती म्हणाली, "नंतर रांग वाढते." आणि तिने भाऊ शेतातून आला का ते पाहण्यासाठी फोन खाली ठेवला.

खालच्या आजींना मी त्याच संध्याकाळी प्रमाणपत्र दाखवले. त्यांनी चश्मा लावून ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले, माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि मग त्यांची नजर पायाशी झोपलेल्या कुत्र्याकडे गेली. आता याला कोण धरणार, असे त्या पुटपुटल्या. थोडा वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "आधी तू आत जा. मी बाहेर थांबते."